वर्कर्स कॉम्पमध्ये नर्स केस मॅनेजर: पगार विमा कंपनीचा, मग बाजू कोणाची?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत ऑर्थोपेडिक वॉर्डात नर्स आहे. शिक्षण मिरजेला झालं, इकडे येऊन एनक्लेक्स (नर्सिंग लायसन्सची परीक्षा) दिली आणि तेव्हापासून बेडसाइडच. आता कंबर साथ देत नाही. बारा तासांची शिफ्ट झाली की दुसरा दिवस नुसता पडून जातो. एका केस मॅनेजमेंट कंपनीकडून बोलावणं आलंय. कामावर जखमी झालेल्या कामगारांचे वर्कर्स कॉम्पचे, म्हणजे मालकाने काढलेल्या विम्याचे, क्लेम सांभाळायचे, निम्मं काम फोनवर, निम्मं फिरतीचं. पगार साधारण आत्ताइतकाच, रात्रपाळी नाही.

मन घेत नाही ते एका गोष्टीमुळे. आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात, गोदामातले, छपरांची कामं करणारे. एरवी गप्पा मारणारा माणूस केस मॅनेजर दारात दिसली की भिंतीकडे तोंड करतो. एकाने मला हळूच विचारलं होतं, "गेली का ती?" विमा कंपनी पैसे देणार आणि मी सांगणार की तुमच्या भल्यासाठी आलेय. हे प्रामाणिकपणे करता येतं का? कोणी हे काम करत असेल तर खरं खरं सांगा.

सातपाटी

कंबर गेली तर पुढे काहीच करता येणार नाही. घ्या नोकरी. बाकीचं शिकता येतं.

रानवारा

ताई, मीही जर्सीतच आहे आणि हेच काम करते. त्याआधी आयसीयूत होते. तुमची शंका रास्त आहे आणि ती मनात ठेवूनच या कामात या. ती गेली की माणूस कामगाराकडे फाइल म्हणून बघायला लागतो.

पैसे कोण देतं हे लपवायचंच नाही. पहिल्या फोनवर मी आधी हेच सांगते: मी नर्स आहे, माझं बिल विमा कंपनी भरते, तुम्ही जे बोलाल ते रिपोर्टात येऊ शकतं, आणि तुमचा वकील असेल तर आधी त्यांची परवानगी घेते. समोरचा जरा थबकतो. पण पुढे त्याला हे दुसऱ्या कोणाकडून कळत नाही, आणि विश्वास बसायचा तर तो तिथूनच बसतो.

आता प्रत्यक्ष काम. डॉक्टर, फिजिओ, अ‍ॅडजस्टर (विमा कंपनीत क्लेम बघणारा), मालक आणि कामगार, हे सगळे एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलेले असतात. आपल्या राज्यात डॉक्टर ठरवायचा हक्क मालकाला किंवा त्याच्या विमा कंपनीला आहे, त्यामुळे कामगाराला ओळखीच्या डॉक्टरकडे जाता येत नाही. एमआरआयची मंजुरी अडकली की तो घरी बसतो. हातात येतात पगाराचे 70 टक्के, तेही राज्याने घातलेल्या मर्यादेत, घरभाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. ती मंजुरी कुठे अडकलीय ते शोधून सोडवणं, यात माझा बराच दिवस जातो.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. गोदामात माल चढवणारा माणूस, उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची (हात वर उचलणाऱ्या स्नायूंची) शस्त्रक्रिया होऊन काही आठवडे झालेले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले, "लाइट ड्यूटी". सुपरवायझरने त्याला लेबलं चिकटवायला बसवलं. पण दुखणं वाढत गेलं आणि अ‍ॅडजस्टर मला म्हणाला, हा टाळाटाळ करतोय. मी मोजपट्टी आणि काटा घेऊन गोदामात गेले. टेबल कमरेइतकं होतं, त्यात काही वावगं नव्हतं. लेबलांची रिळं मात्र 72 इंचांवरच्या फळीवर होती आणि हा माणूस उंचीने साडेपाच फूट. रीळ संपलं की शिवलेला खांदा डोक्याच्या वर न्यायचा, पाळीभर, पुन्हा पुन्हा. फोटो काढले, उंची लिहिली, रीळ तोललं आणि सगळं सर्जनना पाठवलं. नवी चिठ्ठी आली: उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या हाताने 5 पौंडांहून जास्त उचलायचं नाही. सुपरवायझरने त्याच दिवशी रिळं टेबलाखाली आणून ठेवली. अ‍ॅडजस्टरने टाळाटाळीचं पुन्हा काढलं नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामगार खात्याच्या वर्गवारीत "लाइट" काम म्हणजे अधूनमधून 20 पौंडांपर्यंत उचलणं. नुकत्याच शिवलेल्या खांद्याला 20 पौंड! म्हणून मी डॉक्टरांकडून नेहमी आकडे मागते. किती वजन, कोणता हात, किती उंचीपर्यंत, किती दिवस.

तपासणीच्या खोलीत कामगाराला विचारल्याशिवाय शिरत नाही. तो नको म्हणाला तर बाहेर बसते, आणि नंतर डॉक्टरांशी त्याच्यासमोर बोलते. तुमच्या वॉर्डातला तो माणूस भिंतीकडे का वळला असेल, त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. औषधांच्या यादीत नैराश्याची गोळी दिसली आणि तिचा या दुखापतीशी संबंध नसेल, तर ती माझ्या रिपोर्टात जात नाही. कायद्याने वर्कर्स कॉम्पसाठी माहिती द्यायची मुभा आहे, पण लागेल तेवढीच.

आणि एमएमआय. याहून अधिक सुधारणा अपेक्षित नाही, असं डॉक्टरांनी म्हणणं. तिथे आठवड्याचे पैसे थांबतात आणि कायमच्या अपंगत्वाचा हिशोब सुरू होतो. ती वेळ आली की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. मी त्यांना फिजिओच्या नोंदी देते, घाई करत नाही. कोणी डॉक्टरांवर दबाव आणायला सांगितलं तर "मला लेखी पाठवा" म्हणा. माझा अनुभव असा की लेखी येत नाही.

घाटमाथा

मी दुसऱ्या बाजूची. इंडियानात माझ्या नवऱ्याचा हात प्रेसमध्ये सापडला, दोन बोटांचे टेंडन जोडावे लागले. पहिली केस मॅनेजर दर आठवड्याला एकच विचारायची, कामावर कधी जाणार? फोन वाजला की हे दुसऱ्या खोलीत निघून जायचे. मग ती बदलली. नवीन बाईंनी पहिल्याच फोनवर मला विचारलं, "त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं?" मी म्हटलं, मीच. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की चिमूट जमत नाही. नुसती मूठ वळते म्हणून थेरपी बंद होणार होती, त्यांनी सर्जनशी बोलून हँड थेरपीचे आणखी सेशन मंजूर करून आणले. त्यांचाही पगार विमा कंपनीच देत होती. आज हे स्वतः बटणं लावतात. ताई, तुम्ही हा प्रश्न विचारताय म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या बाईंसारख्या व्हाल. जरूर जा.

भामखोरे

चाकणला सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) कामावर जखमी झालेल्याला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, म्हणजे पैशाच्या बाबतीत तुमच्यापेक्षा बरं. पण डॉक्टर फिटनेस लिहितो आणि माणूस दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभा राहतो. ते मशीन डॉक्टरांनी बघितलेलं नसतं. रानवारा ताई, मोजपट्टीची गोष्ट उद्या आमच्या एचआरला वाचून दाखवणार आहे. डॉक्टरांना कामाची मापं पाठवायला कोणता कायदा आडवा येतोय?

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे आभार. घाटमाथा, बटणांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. वॉर्डात आम्ही रोज पेशंटला बटणं लावून देतो, पण घरी गेल्यावर त्याचं काय होतं ते कधी कळत नाही.

रानवारा, दोन गोष्टी विचारते. सीसीएम (केस मॅनेजरचं प्रमाणपत्र) नसताना घेतात का? आणि लायसन्स एकच पुरेल का?

रानवारा

सीसीएम नंतर करता येतं. सीसीएम असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली 12 महिने पूर्णवेळ काम झालं की परीक्षेला बसता येतं, तशी देखरेख नसेल तर 24 महिने. म्हणून तुमची सुपरवायझर सीसीएम आहे का ते आत्ताच विचारा. जर्सी नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये (राज्यांनी एकमेकांचं लायसन्स मानायचा करार) आहे, मल्टिस्टेट लायसन्स करून घ्या. न्यूयॉर्क अजून त्यात नाही, तिकडच्या केसेस देणार असतील तर वेगळं लायसन्स लागेल आणि त्याची फी कंपनीने भरावी.

मुलाखतीत आणखी विचारा: एका वेळी किती केसेस? दर आठवड्याला किती तास बिल व्हायला हवेत? बऱ्याच ठिकाणी 6-6 मिनिटांचा हिशोब लिहावा लागतो आणि वॉर्डातून आलेल्या नर्सला सगळ्यात जड तेच जातं. फिरतीचा पल्ला किती, मैलाचे पैसे मिळतात का? आणि तुम्ही लिहिलेला रिपोर्ट पाठवण्याआधी कोणी बदलतं का? याला "हो" म्हणाले तर ती नोकरी घेऊ नका, दुसऱ्या कंपन्या आहेत. नावं मेसेजमध्ये पाठवते.