मदत हवी आहे : मक्याची रेक, भाडे आणि निर्यात

नमस्कार मंडळी. निफाड-येवला पट्ट्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला यंदा मका रेल्वेने बांगलादेशला पाठवायचा आहे. ट्रकने न्हावा शेवा गाठणं सोपं आहे, पण पूर्वेच्या सीमेपर्यंत ट्रकचं भाडंच नफा खाऊन टाकतं. पूर्ण रेक म्हणजे चाळीसहून अधिक वाघिणींची (मालडब्यांची) अख्खी मालगाडी. एवढा एकसारखा कोरडा माल एका वेळी मालधक्क्यावर आणणं आमच्या आवाक्याबाहेर. २० वाघिणींची मिनी रेक जमेल. पण हमाल कमी पडले, पाऊस आला, की डेमरेज (वाघिणी अडवल्याचा आकार) आणि वारफेज (माल धक्क्यावर पडून राहिल्याचा आकार) सुरू. हा खर्च तुम्ही क्विंटलच्या भावात आधीच धरता का? आणि दोन-तीन कंपन्यांनी मिळून इंडेंट (रेल्वेकडे वाघिणींची मागणी) टाकला तर तो कोणाच्या नावावर?

दुसरा प्रश्न जरा मोठा. कॅनडात पश्चिम भागातल्या धान्यावर दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी वर्षाला किती महसूल मिळवायचा, याला २००० पासून कायद्याने कमाल मर्यादा आहे. जास्त घेतलं तर ते दंडासह भरावं लागतं. अमेरिकेने उलट १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दर बरेचसे मोकळे सोडले. आपल्याकडे रेल्वे मालाचा वर्ग आणि अंतर पाहून दर लावते, म्हणजे घासाघीस जवळपास नाहीच. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये अवाजवी दराविरुद्ध न्यायाधिकरणाची तरतूद आहे. तिथे छोटा पाठवणारा कधी गेलाय का?

मनमाड किंवा लासलगावहून माल भरलेल्यांनी कृपया प्रत्यक्ष अनुभव लिहा. ‘एजंटला विचारा’ हे उत्तर मिळून झालंय.