घरी पाऊल ठेवलं आणि शुक्लकाष्ठ मागे लागलं : तुमचेही अनुभव लिहा

परदेशी जाताना आपण किती तयारी करतो! विमा, डॉलर, औषधांच्या चिठ्ठ्या, चकल्या-चिवड्याचे डबे. परत येण्याची तयारी मात्र कुणी करत नाही. आपलंच घर, तिथे काय व्हायचंय, असं धरून चालतो. गेल्या पावसाळ्यात मुलाकडून, टोरांटोहून, आम्ही दोघं नाशिकला परतलो आणि नंतरचे काही आठवडे एकामागून एक जे निघत गेलं ते लिहून ठेवते आहे. तुमच्याकडेही असं काही घडलं असेल तर सविस्तर लिहा. पुढे जाणाऱ्याला उपयोग होईल.

मुंबईला मध्यरात्री उतरलो. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची एक आलीच नाही. मधे विमान बदललं तिथेच ती राहिली होती. "घरी जा, ते करतील फोन," असं बरोबरचे सांगत होते. पण हे हलले नाहीत. काउंटरवर रीतसर तक्रार नोंदवून, प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्टचा कागद आणि त्यावरचा नंबर घेऊनच बाहेर आले. चार दिवसांनी बॅग घरपोच आली ती त्या नंबरामुळे. विमानतळ सोडण्याआधीच ही नोंद करून घ्या.

कसारा घाटात ट्रक आडवा पडलेला, पाऊस मी म्हणत होता. इगतपुरी गाठेपर्यंत उजाडलं. गंगापूर रोडला पोचलो, कुलूप काढलं आणि नाकाला पदर लावावा लागला. घरात कुबट वास आणि ओट्यावर झुरळं. नहाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात कायम थोडं पाणी साचलेलं असतं. गटाराचा वास आणि किडे तेवढंच पाणी अडवून धरतं. घर काही महिने बंद राहिलं की ते उडून जातं. दोन्ही बाथरूम, बेसिन, मोरी, सगळीकडचं पाणी वाळलं होतं. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं तेव्हा तासाभरात वास बसला. प्लंबरदादांनी सांगितलं, की जाताना या पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडायचं, म्हणजे ते लवकर उडत नाही. किती साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

इन्व्हर्टरची बॅटरी गेली. टाकीचा बॉलकॉक अडकून गच्चीभर पाणी वाहिलं, खालच्यांच्या छताला ओल आली. ते सगळं पैशाने निस्तरलं.

खरा घाला पुढेच होता. दुसऱ्या आठवड्यात यांना सणकून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. फवारणीला आलेल्या मुलीने घरात शिरताच बाल्कनी गाठली आणि एकेक कुंडी उचलून खालची ताटली उन्हात धरली. पाणी अगदी नितळ होतं आणि त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. नंतर तिने फ्रिजच्या मागचा ट्रे ओढला. तिथेही तेच. ती म्हणाली, "काकू, हा डास घाण पाण्यात होत नाही, स्वच्छ पाण्यातच होतो. अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार." यांना कुठला डास चावला ते देवाला ठाऊक, पण पैदास आमच्या घरात चालली होती हे खरं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायचं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नाही. आणि ताप उतरला की माणसाला बरं वाटतं, पण नेमके तेच पुढचे एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. यांचं तसंच झालं. ताप गेला आणि पोट दुखू लागलं, त्याच रात्री दाखल केलं. आता हे ठणठणीत आहेत. पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

इंदिरानगरहून

ताई, काकांना जपा. बॅगेवरून आमचंही सांगतो. आमची बॅग आली, पण चाकं मोडलेली आणि एक बाजू फुटलेली. आईसाठी आणलेलं कानाचं यंत्र आत होतं, त्याचा चुरा झाला. कंपनी आधी दादच देईना. मग कळलं, की विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची तक्रार बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते. उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ही मुदत 21 दिवसांची आहे आणि 21 दिवसांतही बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भारत 2009 पासून या करारात आहे. बॅगेचे फोटो, टॅग, यंत्राची पावती जोडून पाचव्या दिवशी ईमेल केला. थोडीफार भरपाई मिळाली. आई मात्र तीन महिने जुन्या यंत्रावर कसंबसं ऐकत होती, त्याचं वाईट वाटतं.

नाशिकरोडहून

मी निवृत्त माणूस. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही सप्टेंबरात न्यू जर्सीला गेलो, ते थेट जानेवारीत परतलो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, 2021 पासून ती सोय आहे. पण माझं घोडं पेंड खाल्लं ते फोन नंबरापाशी. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात किमान 20 रुपये शिल्लक नसतील तर ते बंद होतं. माझं झालं. त्यामुळे ओटीपी येईना. ओटीपी नाही म्हणून दाखला नाही, म्हणून पेन्शन थांबलेली. बँकेत नंबर बदलायला गेलो तर आधारशी जोडलेला नंबर मागतात, तोही तोच. गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर. हिचं बीपीचं औषध संपलेलं आणि मी या खिडकीतून त्या खिडकीत. वयाच्या या टप्प्यावर आपण जिवंत आहोत हे चार ठिकाणी सिद्ध करत फिरायचं, याचा मनाला फार त्रास झाला.

नवं सिम, मग आधार केंद्र, मग बँक, या क्रमानेच गाठ सुटली. दाखला गेल्यावर थकलेली पेन्शन सगळी मिळाली, बुडत नाही ती. ज्यांचे आईवडील परदेशी येताहेत त्या मुलांनी एवढं करा, आईबाबांचं इकडचं सिम चालू ठेवा.

पंचवटीहून

वाचून राहवलं नाही. आई दादाकडून, अमेरिकेहून आली. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली, हात लावला तर गरम. आई म्हणे प्रवासाचा शीण आहे, तेल लावून चोळून दे. मी तेलाची वाटी घेऊन बसलेच होते, तेवढ्यात समोरच्या मावशी आल्या. त्या नर्स होत्या. त्यांनी माझा हात धरला. "एकाच पायाला सूज आहे ना? चोळू नकोस. आधी दाखव." डॉप्लर सोनोग्राफीत पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले. चार तासांहून लांबच्या प्रवासात बसून बसून ही गाठ होऊ शकते आणि घरी आल्यावर काही आठवडे धोका राहतो. एका पायाला सूज, दुखणं, लाली किंवा अचानक धाप, छातीत दुखणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आई आता बरी आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने चालल्या.

सिडकोहून

आमची गाडी. बॅटरी उतरलेली आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडून गवताचं घरटं केलेलं. जाताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावं आणि आठवड्याला कुणीतरी बॉनेट उघडून बघावं.

सराफ बाजारामागून

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सिंगापूरहून परतत होतो. मुंबईत उतरून फोन चालू केला तर भावाचा निरोप, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेलाय, घाई करू नका. नाशिककराला यापुढे काही सांगावं लागत नाही. गोदावरीच्या घाटावरच्या या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, हीच आमची पूर मोजायची पट्टी. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं आणि आमचं तळमजल्याचं घर बंद. किल्ली भावाकडे होती म्हणून देव्हारा आणि कागदपत्रं तेवढी वर नेता आली. आम्ही पोचलो तेव्हा घरात घोटाभर गाळ. तो ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की सिमेंट होतो. गल्लीतली पोरं फावडी घेऊन आली, कुणाला बोलवावं लागलं नाही. वायरमनने सगळे बोर्ड उघडून वाळवल्याशिवाय मेन स्विच चालू करू दिला नाही, ते फार बरं झालं. बायकोच्या आईने लग्नात दिलेलं शिसवी कपाट मात्र फुगून गेलं, दारं लागेनात. ते आम्ही अजून टाकलेलं नाही.

देवळालीहून

नाशिकरोडच्या काकांसाठी : दाखल्यासाठी आता इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येतो, जागेवरच काम होतं, थोडं शुल्क पडतं. वय 80 च्या पुढे असेल तर केंद्र सरकारच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. काकूंचं औषध मिळालं का, तेवढं कळवा.