मदत हवी आहे: छापील मसुद्याच्या प्रत्येक पानावर आवृत्तीची खूण कशी आणावी?

प्रबंधवाटेवर:
सोमवारी मार्गदर्शकांना तिसरे प्रकरण छापून द्यायचे आहे, म्हणून घाई आहे. त्यांच्याकडे याच प्रकरणाच्या बऱ्याच प्रती साचल्या असून समासातली कोणती दुरुस्ती कोणत्या मसुद्यावरची, हे ओळखता येत नाही. वरिष्ठ विद्यार्थ्याच्या फाइलमधली डॉलर-आयडी-डॉलर ही खूण मी तळटिपेच्या जागी घातली, पण पीडीएफमध्ये दोन तिरपी रोमन अक्षरे तेवढी उमटतात. काय करावे?

जुनेखिळे:
आपण लाटेक ही मजकूर जुळवणारी प्रणाली वापरत असाल, तर दोन डॉलरांमधला मजकूर तिथे गणित म्हणून जुळवला जातो, म्हणून अक्षरे तिरपी आली. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला सबव्हर्जन वापरता की गिट? सबव्हर्जनमध्येही फाइलला कीवर्ड्सचा गुणधर्म लावल्याशिवाय या खुणेत आवृत्तीची माहिती भरली जात नाही.

रानवारा:
लाटेकडिफ हे दोन मसुद्यांतला फरक दाखवणारे साधन वापरा. जुना आणि नवा मजकूर वेगवेगळ्या रंगांत दिसतो, त्यामुळे मार्गदर्शकांचा वेळ वाचतो.

प्रबंधवाटेवर:
मला बदल दाखवायचे नाहीत, हातातली प्रत ओळखायची आहे. फाइली गिटमध्ये आहेत आणि मजकूर मराठी असल्यामुळे झीलाटेक हा लाटेकचा प्रकार वापरते.

अक्षरजुळणी:
मग ती खूण सोडून द्या. गिटमध्ये ही खूण भरणारा आयडेंट हा गुणधर्म चालू केला तरी तिथे त्या फाइलच्या आशयाचा हॅश (आशयावरून काढलेली अक्षर-अंकी ओळख) येतो, कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या आवृत्तीचा) नव्हे. गिटइन्फो२ हे लाटेकचे पॅकेज घ्या. त्याचे हुक, म्हणजे गिट आपोआप चालवते त्या छोट्या स्क्रिप्ट, कमिट, चेकआउट (दुसरी आवृत्ती उघडणे) आणि मर्ज (शाखा एकत्र करणे) झाल्यावर माहितीची फाइल लिहितात आणि पॅकेज ती वाचून पानावर छापते.

जुनेखिळे:
मी असहमत आहे. हुक क्लोनबरोबर, म्हणजे गिटमधून घेतलेल्या नव्या प्रतीबरोबर, येत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर ते पुन्हा बसवावे लागतात. शिवाय कमिट न केलेले बदल असताना पीडीएफ काढली, तर पानावर आधीच्या कमिटचा हॅश छापला जाऊन नेमका तोच गोंधळ होतो, जो यांना टाळायचा आहे. मेकफाइलमधून (पीडीएफ काढायचे आदेश लिहिलेल्या फाइलीतून) गिट डिस्क्राइब हा सध्याची आवृत्ती सांगणारा आदेश ऑलवेज आणि डर्टी या पर्यायांसह चालवून त्याचे उत्तर एका छोट्या फाइलीत लिहावे. बदल बाकी असतील तर हॅशच्या शेवटी ‘डर्टी’ असे येते. त्या फाइलीचे नाव मात्र गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घालावे, कारण कमिटचा हॅश आशयावरूनच ठरत असल्याने कोणत्याही कमिटमध्ये त्याचा स्वतःचा हॅश लिहून ठेवता येत नाही.

अक्षरजुळणी:
एडिटरच्या बटणाने पीडीएफ काढणाऱ्याची मेकफाइल चालतच नाही, आणि मग जुनाच हॅश छापला जातो.

जुनेखिळे:
मुद्दा रास्त आहे. तोच आदेश लाटेकएमके या पीडीएफ काढणाऱ्या साधनाच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलीत घालावा आणि एडिटरला लाटेकएमके वापरायला सांगावे.

प्रबंधवाटेवर:
तसे केले, पण हॅशच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि मधले अंक तेवढे नीट येतात.

अक्षरजुळणी:
आपल्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरे नसावीत. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ शोधा. तेवढा भाग टेक्स्टटीटी या टंकलेखनी अक्षरांच्या आदेशात घाला, आणि कमिटला दिलेल्या टॅगच्या नावात अंडरस्कोअर असेल तर चिन्हे जशीच्या तशी ठेवणारा डीटोकनाइझ हा आदेशही लावा, नाहीतर लाटेक तिथे अडेल.

प्रबंधवाटेवर:
आता हॅश प्रत्येक पानावर स्पष्ट येतो आहे आणि कमिट केल्यावर ‘डर्टी’ही गेले. दोघांचेही मनापासून आभार.