जुन्या दुकानमाड्यांना सिमेंटचा गिलावा नकोच!

चुनेगच्ची: वाई-सासवडसारख्या गावांच्या पेठांत खाली गाळे, वर माडी अशा इमारती अजून उभ्या आहेत. काळ्या दगडाचं जोतं, वर चुना-मातीत बांधलेल्या विटा, सागवानी खांब, तुळया, कडीपाट म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेली माडीची जमीन. पावसाळा तोंडावर आला की कुणीतरी त्यांच्या दर्शनी भिंतीवर सिमेंट थापतंच. या भिंतींत ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. सिमेंटनं ही वाट बुजते, मग ओल आणखी वर सरकत भिंतीत रुतलेल्या कड्यांच्या टोकांपर्यंत पोचते. पुढे गिलावा फुगतो आणि पडताना विटेची पापडी घेऊनच पडतो. एक भाग चुना, एक सुरखी म्हणजे विटांचा भुगा, दोन वाळू, एवढंच तर लागतं.

गवंडीकाम: एवढंच? चुना भिजवून निदान तीन आठवडे मुरवायचा, कच्चा राहिला तर भिंतभर फुटकुळ्या. मग गिलाव्याचे दोन थर, मधे आठवडाभर थांबायचं, रोज पाणी मारायचं, उन्हाला गोणपाट लावायचं. तोवर कापडवाला गाळा बंद ठेवणार का? सुरखी म्हणून जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटांचा भुगा गळ्यात मारतात, त्यानं चुना धरत नाही. मालकाला मिळतं ते जुनं भाडं, त्यात रंगसुद्धा निघत नाही. त्यापेक्षा माडी उतरवून स्लॅब टाका. वजनाचा बाऊ नको: कडीपाटावरची सहा इंच माती चौरस मीटरला अडीचशे किलो भरते, पाच इंची स्लॅब तीनशेच्या थोडा वर.

तुळई: हिशेब बरोबर आहे, पण ते वजन उतरतं कुठे? आज ते तुळयांवरून खांबांत जातं, विटा नुसत्या खणात भरलेल्या असतात. स्लॅब टाकलात की त्याच भिंतींवर पहिल्यांदा भार येणार. शटर रुंद करायला मधला खांब आधीच काढलेला असेल तर बोलायलाच नको. आधी कड्यांची टोकं पेचकसानं टोचून बघा. सहज आत गेला तर खालून टेकू द्या, कुजका भाग कापा, नवं सागवान जोडून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळा. माडी उतरवावी लागत नाही.

गवंडीकाम: आणि वाळवी? एक टोक बदललं की पुढच्या वर्षी शेजारचं.

तुळई: ओल राहिली तर, हो.

पन्हळवाला: मग ओल येते कुठून ते बघा की! रस्त्यावर थरावर थर चढून जोत्याच्या तीन पायऱ्यांपैकी दोन गडप झाल्यात. पावसाचं पाणी आता दगडाला नाही, थेट विटेला लागतं. वर दोन घरांमधली पत्र्याची पन्हळ कौलांच्या तुकड्यांनी तुंबलेली, तिचं पाणी सामाईक भिंतीत. अशा भिंतीवर चुना काय नि सिमेंट काय, दोन्ही सुटणार. भिंतीलगत फूटभर रुंद चर खणा, खडी भरा, गटाराकडे उतार द्या. पन्हळ मे महिन्यातच साफ करा. भिंत सुकली की मग गिलाव्यावर भांडा.

चुनेगच्ची: चराचं पटलं. पण तो पायाच्या खाली उतरवू नका, माती सरकली तर भिंत चरातच येईल. आणि भिंत सुकली तरी सिमेंटला माझा विरोध कायम.