मूळ गायक गेल्यावरची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज: लावायची की नाही?

सातपूरकर (धागाकर्ता)

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राकडे रेकॉर्ड ऐकायला जमतो. मागच्या बैठकीत एक नियम पुढे आला. ज्या बँडचा मूळ गायक सोडून गेला, त्या बँडचं त्यानंतरचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावायचं नाही. नंतरचे स्टुडिओ अल्बम चालतील, कारण ती गाणी नवीन. पण जुनी गाणी नव्या गळ्यातून म्हणजे नक्कल. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हा नियम साफ अमान्य आहे. बोलण्याच्या गडबडीत मुद्दे सुटतात, म्हणून इथे लिहितोय.

वाद जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडवरून पेटला, तेव्हा तिथूनच सुरू करतो. त्यांचा मूळ गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला. बँडने बाहेर बरेच गायक ऐकले आणि शेवटी ड्रमवर बसणारा फिल कॉलिन्सच माइकसमोर आला. तो काही रस्त्यावरून उचललेला माणूस नव्हता. १९७० पासून बँडमध्ये होता, गॅब्रिएलच्या मागे सूर धरत होता, एक-दोन गाणी त्याने त्या काळातच एकट्याने गायलेली आहेत. १९७७ च्या जूनमध्ये पॅरिसला झालेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग त्याच वर्षी ‘सेकंड्स आऊट’ म्हणून आलं. त्यात ‘सपर्स रेडी’ संपूर्ण आहे.

आता हे बघा. ‘सपर्स रेडी’ हे १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’वरचं सुमारे २३ मिनिटांचं गाणं, गॅब्रिएलच्या काळातलं शिखर. पण १९७३ मध्ये निघालेल्या ‘जेनेसिस लाइव्ह’मध्ये ते नाही. गॅब्रिएलच्या आवाजातलं लाइव्ह ‘सपर्स रेडी’ अधिकृतपणे हाती आलं ते थेट १९९८ मध्ये निघालेल्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या आर्काइव्ह संचात. म्हणजे २१ वर्षं या गाण्याचं एकमेव अधिकृत लाइव्ह रूप कॉलिन्सच्या गळ्यातलं होतं. जगभरच्या दोन पिढ्यांनी ते तसंच ऐकलं. ते सगळे नक्कल ऐकत होते?

त्यातला नऊ मात्रांचा तुकडा लावून बघा. बेस आणि ड्रम नऊचं चक्र धरून बसतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्यावरून आपल्याच हिशेबाने हिंडत राहतो. ताण इतका वाढतो की आता हे फुटणार असं वाटतं, आणि नेमका तिथे आवाज येतो. गॅब्रिएल तिथे दरडावतो. कॉलिन्स उंच, स्वच्छ सूर लावून वर निघून जातो. मला दोन्ही हवेत. पॅरिसच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर चेस्टर थॉम्पसन आहे. ‘सिनेमा शो’ हे एकच गाणं आदल्या वर्षीचं, त्यात बिल ब्रुफर्ड आहे आणि शेवटच्या लांब तुकड्यात कॉलिन्सही माइक सोडून दुसऱ्या ड्रमसेटवर बसतो. ज्या गावाचा ढोल महाराष्ट्रभर ओळखला जातो, त्या गावच्या कानाला दोन वाजवणारे एकमेकांत गुंतले की काय होतं हे वेगळं सांगायला नको. गॅब्रिएल असताना हे घडलं नसतं. एक गेल्यामुळे दुसऱ्या गोष्टीला जागा झाली, आणि ती जागा फक्त लाइव्ह रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येते.

रविवार कारंजा

नियम मीच सुचवला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

तू वादन मांडलंस आणि ते मला मान्य आहे. ब्रुफर्डबद्दल माझ्याशी कुणी भांडूच नये. पण ‘सपर्स रेडी’चे शब्द गॅब्रिएलचे आहेत. त्याला आणि त्याच्या बायकोला एका रात्री आलेल्या विलक्षण अनुभवातून ते गाणं सुरू होतं. गॅब्रिएल ते गाताना फुलाचा मुखवटा घालायचा, वेश बदलत जायचा, कारण त्याच्यासाठी ते नुसतं गाणं नव्हतं. दुसऱ्याच्या आयुष्यातली रात्र आपण सुरात म्हणून दाखवणं वेगळं आणि ती ज्याने भोगली त्याने सांगणं वेगळं. कॉलिन्स सुरात आहे, बिनचूक आहे. मला त्या बिनचूकपणाचाच त्रास होतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. माणूस निघून गेल्यावर काढलेला लाइव्ह अल्बम हा ताबा दाखवायचा मार्ग असतो. पिंक फ्लॉइड घे. त्यांचा बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, बँडच्या नावावरून वकील-कोर्ट झालं. १९८८ मध्ये ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’ आला, त्यात जुनी गाणी भरलेली. मग १९९५ मध्ये ‘पल्स’, त्यात ‘डार्क साइड ऑफ द मून’ पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या अल्बमचा शब्द न् शब्द वॉटर्सने लिहिलेला. ज्याने लिहिलं तो मंचावर नाही आणि वर बँडचं नाव तेच. हे मला घर वाटून घेतल्यावर दुसऱ्या भावाची खोली पाहुण्यांना दाखवण्यासारखं वाटतं.

देवळाली कॅम्प

@रविवार कारंजा, शब्द वॉटर्सचे हे शंभर टक्के खरं. पण १९७३ च्या मूळ ‘डार्क साइड’वर वॉटर्सने मुख्य आवाज दिलाय तो फक्त शेवटच्या दोन गाण्यांना. बाकी गिटारवाला गिल्मोर, कीबोर्डवाला राइट आणि ‘द ग्रेट गिग’मध्ये क्लेअर टोरी. म्हणजे ‘टाइम’ किंवा ‘अस अँड देम’ १९९४ मध्ये ज्यांनी गायलं, तेच मूळ गायक होते. तुमच्या नियमात ही गाणी कुठे बसवायची?

आणि फ्लॉइडचा पहिला मुख्य गायक वॉटर्स नव्हताच, सिड बॅरेट होता. तो १९६८ मध्ये बाहेर गेला. ‘उमागुमा’ची लाइव्ह तबकडी १९६९ ची, तिची सुरुवातच बॅरेटच्या ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ने होते. नियम लावायचा तर ‘उमागुमा’ही कपाटात बंद. ज्या काळाला तुम्ही ‘खरं फ्लॉइड’ म्हणता, तो काळच मुळात गायक गेल्यावरचा आहे.

सिडकोचा बेसवाला

मी रॉकचा अभ्यासक नाही. लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. या विषयातली एक गोष्ट रोज हाताखालून जाते, ती सांगतो. पट्टी.

आमचा मुख्य गायक सोडून गेला तेव्हा नवीन मुलाला काळी दोनची गाणी झेपेनात, सफेद एकला आणावी लागली. कीबोर्डवाल्याने ट्रान्स्पोजचं बटण दाबलं की त्याचं काम झालं. गिटार आणि बेसचं तसं नसतं. कितीतरी तुकडे मोकळ्या तारेवर बांधलेले असतात. पट्टी उतरवली की ती मोकळी तार गेली. मग तेच स्वर दाबून वाजवा, नाहीतर अख्खं वाद्य उतरवून लावा. दोन्हींत गाण्याचा घुमारा बदलतो. समोरच्या पब्लिकला कारण कळत नाही, पण काहीतरी बसलंय एवढं नक्की कळतं.

म्हणून मला आयर्न मेडन या मेटल बँडच्या ब्लेझ बेलीबद्दल फार वाटतं. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी ब्लेझ आला, १९९९ पर्यंत होता. त्याचा गळा खालच्या अंगाचा, भरदार. आणि गाणी सगळी ब्रूसच्या उंचीची, मोकळ्या जाड तारेवर घोडदौड करणारी. पट्टी उतरवली तर मेडन मेडन राहत नाही, नाही उतरवली तर गायकाचा गळा फाटतो. त्यांनी उतरवली नाही. लोकांनी शिव्या ब्लेझला घातल्या. त्याचं वाईट गाणं हा त्याचा एकट्याचा दोष कधीच नव्हता.

रविवार कारंजा

@सिडकोचा बेसवाला, मनापासून धन्यवाद दादा, मोकळ्या तारेचा मुद्दा मला माहीत नव्हता. पण यातून माझंच म्हणणं घट्ट होतं. ब्लेझच्या काळातला पूर्ण लाइव्ह अल्बम मेडनने काढलाच नाही. बँडलाच ते रेकॉर्डिंग पुढे ठेवावंसं वाटलं नाही, मग आपण कशाला आग्रह धरायचा?

सातपूरकर

तो अल्बम निघाला नाही हेच तर नुकसान आहे. ब्लेझच्या काळातली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ आज लोक कुठल्या रेकॉर्डिंगमधून ओळखतात? ‘रॉक इन रिओ’मधून. ते २००१ च्या जानेवारीतलं, परत आलेल्या ब्रूसच्या आवाजातलं. तिथे लाखोंचा समुदाय ‘क्लॅन्समन’ उचलून धरतो आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण तुझा नियम सरळ लावला तर हेही मूळ गायकाशिवायचंच झालं. या गाण्यांचा मूळ गायक ब्लेझ आहे. ते रेकॉर्डिंग तू स्वतः दोनदा लावलं आहेस आणि दोन्ही वेळा आवाज वाढवला आहेस.

ताब्याबद्दल. ताबा दाखवायला काढलेला अल्बम असू शकतो, नाही म्हणत नाही. पण हेतू वाईट म्हणून रेकॉर्डिंग वाईट ठरत नाही. ‘पल्स’मधला ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो वाजवताना गिल्मोर कोर्टकचेरीचा विचार करत होता, असं तुला ऐकताना खरंच वाटतं का?

पंचवटी

तुमचा रॉक मी मुलामुळे ऐकला, पण हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून गेले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळी बंद पडली नाही. तिथे दीनानाथ मंगेशकर गाजले आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. पदं तीच राहिली, गळे बदलत गेले. ‘मानापमान’ची पदं केशवराव भोसल्यांनी आपल्या मंडळीत गायली तेव्हा कुणी त्याला नक्कल म्हटलं नाही. १९२१ मध्ये तर केशवराव आणि बालगंधर्व एकाच प्रयोगात उभे राहिले आणि तो संयुक्त मानापमान अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुणाकडे नाही. तबकड्या होत्या, पण त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, खोलीत बसून गायलेल्या. किर्लोस्करांत बालगंधर्वांनंतर भरलेलं थिएटर कसं ऐकू यायचं, हे आता कुणालाच ऐकता येणार नाही. तुमच्याकडे ते शिल्लक आहे आणि तुम्ही ते न लावण्याचा नियम करताय, याचं वाईट वाटतं.

रविवार कारंजा

काका, नमस्कार. तुमचा मुद्दा मनाला लागला. तरी एक फरक राहतो. पद खाडिलकरांचं आणि चाल गोविंदराव टेंब्यांची, हे प्रेक्षकाला ठाऊक असायचं. गायक कोण हे जाहिरातीतच असायचं. बालगंधर्व सोडून गेल्यावर त्यांच्या नावाने तिकीट कुणी विकलं नाही. बँडमध्ये नाव गाण्याचं नसतं, त्या चार-पाच माणसांचं असतं. त्यातला एक वजा झाला तर नाव तेच कसं?

गोदापार्क

क्वीनबद्दल कुणीच बोललं नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच पहिल्यांदा बँडमध्ये वाजवायला लागला. त्याच्यानंतर पॉल रॉजर्सबरोबर आणि ॲडम लॅम्बर्टबरोबर लाइव्ह अल्बम आले, आणि दोन्हींवर ‘क्वीन अधिक अमुक’ असं स्पष्ट छापलेलं आहे. नावाचा प्रश्न असा प्रामाणिकपणे सोडवता येतो. मला स्वतःला ते ऐकवत नाहीत, पण फसवलं गेल्यासारखंही वाटत नाही.

सातपूरकर

@गोदापार्क, हे पटलं. जेनेसिसनेही असं काही छापलं असतं तर माझी हरकत नव्हती.

@रविवार कारंजा, मूळ गायक असला की रेकॉर्डिंग खरं, हे तू गृहीत धरतोयस. १९९८ च्या त्याच आर्काइव्ह संचात ‘द लॅम्ब’ या जेनेसिसच्या अल्बमचा १९७५ च्या जानेवारीतला लॉस एंजेलिसचा कार्यक्रम आहे. त्या दौऱ्यात गॅब्रिएलचा एक वेश इतका अवजड होता की माइक तोंडाजवळ नेता येत नसे. म्हणून संच काढताना त्याने बराचसा आवाज वीसेक वर्षांनी स्टुडिओत पुन्हा गायला. आवाज त्याचाच, पण वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि समोर प्रेक्षक नाहीत. तुझ्या नियमात हे बसतं आणि पॅरिसला हजारो लोकांसमोर गायलेला कॉलिन्स बसत नाही.

रविवार कारंजा

बसतं. त्याचे शब्द, त्याचा गळा. त्याला पुन्हा गायचा हक्क आहे. तुला माझं म्हणणं सोप्या उदाहरणात सांगतो. १९८२ चं ब्लॅक सॅबथ. मूळ गायक ओझी १९७९ मध्ये बँडबाहेर गेलेला. वर्षाच्या अखेरीस दोन लाइव्ह अल्बम जवळजवळ पाठोपाठ आले. सॅबथचा ‘लाइव्ह इव्हिल’, त्यात ‘वॉर पिग्ज’ आणि ‘आयर्न मॅन’ त्याच्या जागी आलेला डिओ गातो. आणि ओझीचा ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’, न्यूयॉर्कमधला, सगळी गाणी सॅबथचीच. डिओ मोठा गायक, ओझीपेक्षा दहा पटीने तयारीचा. तरी ‘वॉर पिग्ज’ मी ओझीचंच लावणार. त्याचा तो सपाट, घाबरलेला आवाज हेच ते गाणं आहे.

देवळाली कॅम्प

‘वॉर पिग्ज’चे शब्द बेसिस्ट गीझर बटलरचे. तो डिओच्या बाजूला उभा होता. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क तुम्हीच वर सांगितलात, मग इथे तो गायकाकडे कसा गेला?

सिडकोचा बेसवाला

आणि सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी पण तिकडेच. त्या गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, ज्याच्या बोटांतून निघाला तो माणूस ‘लाइव्ह इव्हिल’वर आहे. ओझीच्या अल्बमवर गिटार ब्रॅड गिलिसची. ओझीचा आधीचा गिटारवाला रँडी ऱ्होड्स त्याच वर्षी मार्चमध्ये विमान अपघातात गेला म्हणून गिलिसला घेतलेलं. म्हणजे आयोमीचा रिफ, गेलेल्या ऱ्होड्सची जागा आणि वाजवणारा तिसराच. गिलिसने जीव ओतून वाजवलंय, मला तो अल्बम आवडतो. पण ‘मूळ माणसं’ मोजायला बसलात तर डिओवालीच तबकडी पुढे जाईल.

रविवार कारंजा

गीझरच्या शब्दांचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही, त्यावर विचार करतो. पण ‘वॉर पिग्ज’ डिओने सुरू केलं की मला पहिल्या ओळीतच परकं वाटतं, आणि ते हिशेबाने जाणारं नाही. पुढच्या रविवारी दोन्ही तबकड्या आणा. आधी डिओ लावा. माझं मत मी तिथे सगळ्यांसमोर सांगेन.

सातपूरकर

‘लाइव्ह इव्हिल’ माझ्याकडे आहे, आणतो. ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ कुणाकडे आहे का? इंदिरानगर किंवा नाशिक रोडहून घ्यायला यायची तयारी आहे.