दमट जंगलात वशिंडाची गाय कशाला? फुलानी पशुपालकांचा वळू

रानवाट
पश्चिम आफ्रिकेतले फुलानी गुराखी मूळचे कोरड्या मुलखातले. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या दुष्काळांनंतर त्यांच्यातले बरेच नायजेरियाच्या दमट दक्षिणेकडे सरकले. सोबत आणली पांढरी, उंच, भरदार वशिंडाची बुनाजी. इथे त्सेत्से माशी. ती चावली की रक्तात ट्रायपॅनोसोम नावाचे परजीवी शिरतात, रक्त कमी होतं आणि जनावर खंगत जातं. याच भागात बिनवशिंडाची मुटुरू आहे, तिकडे गिनीच्या फुटा जालोनकडची न्'दामा आहे. न्'दामाला परजीवी लागले तरी तिचं रक्त तसं उतरत नाही. तरी वळू ठेवायचा तो बुनाजीचाच! माझ्या मते हा निव्वळ मोठ्या शिंगांचा हट्ट. औषधाच्या सुईवर जगवलेल्या कळपाला काय अर्थ?

हिशेबी
साफ असहमत. मुटुरूची उंची जेमतेम मीटरभर, आणि तिला सहसा कुणी दोहत नाही. फुलानी घरात दूध बाईच्या हातात असतं, विकून आलेले पैसेही तिचेच. सकाळी वासराला आधी लुचू देतात, पान्हा सुटला की ते बाजूला बांधून धार काढतात. नायजेरियाच्या नैऋत्येला, योरुबा मुलखात त्या दुधाचं 'वारा' नावाचं पनीर होतं. दूध तापवून त्यात रुईचा रस घालतात (हो, तीच आपली मारुतीची रुई!) आणि फाटलं की छोट्या टोपल्यांत निथळत ठेवतात. आता सांगा, मुटुरूच्या दुधावर हा धंदा चालेल?
आणि खाटीक अंग बघून पैसे मोजतो.

रानवाट
मग केतेकू घ्या. नायजेरिया-बेनिन सीमेवरच्या बोर्गूकडची, बुनाजी आणि मुटुरूची संकरित. दूध थोडं, काटकपणा थोडा.

हिशेबी
हो, पण त्या संकरावर दर पिढीला बुनाजीचाच वळू चढत राहिला तर काटकपणा किती उरेल? शेजारचे कळप एका रानात चरतात, तिथे कुठला वळू कुठल्या कालवडीवर गेला हे कोण बघणार? नको ते गोऱ्हे खच्ची करता येतात, पण ते आपल्या कळपातले. दुसऱ्याच्या वळूचं काय?
आणि हट्टाचं म्हणाल तर, उत्तरेत लाल रहाजी गाय केवढी मानाची! पण दक्षिणेत ठाण मांडायचं ठरलं की लोक ती बदलून बुनाजी घेतात, कारण रहाजीला हा ओलावा आणि रोग सोसत नाही. हा हट्ट झाला?

ढोरडॉक्टर
रहाजीचा मुद्दा बरोबर. पण औषधाचं काय? या रोगावरच्या डायमिनॅझिनची पुडी बाजारात मिळते, गुराखी अंदाजाने पाण्यात कालवून टोचतो, मात्रा कमी पडते. पश्चिम आफ्रिकेत कित्येक ठिकाणी परजीवी औषधाला दाद देईनासे झालेत. वर पावसाळ्यात कातडीचा डर्माटोफायलोसिस: गोचिडी, खपल्या, सोललेली पाठ. बुनाजी यात सपशेल हरते, न्'दामा तगते.
मात्र रान तोडून शेती झाली तिथे माशी हटली, म्हणून बुनाजी टिकली. खऱ्या घनदाट जंगलात तिची बाजू मी घेणार नाही.

डांगाणी
अकोले-इगतपुरीच्या पावसात आपली डांगी गाय उभी राहते, कातडीच तेलकट. तिथे होल्स्टीनचा संकर करणारा पुरोगामी आणि फुलानी मात्र हट्टी? वा रे न्याय!

ढोरडॉक्टर
टोला आवडला, पण तुलना अर्धीच लागू. आपल्याकडे त्सेत्से नाही. आपला सर्रा हाही ट्रायपॅनोसोमचाच रोग, पण तो गोमाशी पसरवते, आणि ती परजीवी नुसते एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. त्सेत्सेच्या पोटात ते वाढतात, म्हणून तिचा मुलूख टाळणं हाच जुना उपाय: पावसाळ्यात उत्तरेला, सुगी झाली की दक्षिणेला.

रानवाट
तेच तर! मे २०२१ मध्ये असाबा शहरात नायजेरियाच्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या राज्यपालांनी मोकळ्या चराईवर बंदीचा निर्णय घेतला. हिंडणं थांबलं, तर भर पावसात कळप माशीच्या तोंडीच. मग लहान गाय घ्यावीच लागेल.

हिशेबी
घेतील ना. पण हिंडणं बंद म्हणजे चारा विकत, आणि बारक्या गाईच्या दुधात तो भागत नाही. बंदी घालणाऱ्यांनी आधी कुरण कुठे देणार ते सांगावं, वळूचं नंतर बघू.