मदत हवी आहे: रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनची फेलोशिप कुठली घ्यावी? (नागपूर)

मेडिकल_चौक
नमस्कार. नागपूरच्या मेडिकलमधून (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून) एमएस (स्त्रीरोग) झालंय, बाँडचं वर्ष संपत आलंय. पुढे वंध्यत्व-उपचारच करायचे आणि नागपुरातच बसायचं, एवढं नक्की. वाटा तीन दिसतात: नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन एम.सीएच. ही सुपरस्पेशालिटी पदवी, एफईटी (फेलोशिपची प्रवेश परीक्षा) देऊन एफएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या सेंटरची खासगी फेलोशिप. नुसत्या सर्टिफिकेटवर उद्या आयव्हीएफ सेंटरला माझं नाव लागेल का? जागा घेण्याआधी सेंटरला काय विचारू? आणि आपल्याला लॅब किती यायला हवी?

सदर_बाजार
एम.सीएच. तीन वर्षांची, एफएनबी दोन वर्षांची. एम्ससारख्या संस्थांच्या जागा आयएनआय-एसएस या वेगळ्या परीक्षेतून भरतात, त्या नीट-एसएसच्या यादीत शोधत बसू नका. फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या आयसीओजी या शैक्षणिक शाखेचा कोर्स सहा महिन्यांचा. ओपीडी आणि आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) नीट बसवायला चांगला, पण तो सुपरस्पेशालिटी नव्हे. कुणी अमेरिकेची आरईआय (प्रजनन-हार्मोन आणि वंध्यत्व) फेलोशिप सुचवेल. ती तीन वर्षांची आहे आणि तिथलीच चार वर्षांची रेसिडेन्सी झाल्यावर मिळते. इथल्या एमएसवर थेट जाता येत नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा आणि २०२२ चे नियम आधी वाचून काढा. लेव्हल १ क्लिनिक म्हणजे आययूआयपर्यंतचं काम. लेव्हल २, म्हणजे आयव्हीएफसाठी, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या ५० ओव्हम पिकअपची (सुईने स्त्रीबीजं काढण्याची) नोंद आणि एआरटी क्लिनिकमधला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. डीएम किंवा फेलोशिप असली तरी तीन वर्षांचा अनुभव सुटत नाही. तेव्हा सर्टिफिकेटवर काय छापलंय यापेक्षा ते ५० कुठे आणि कुणाच्या सहीने होणार, हे आधी पाहा.

फॉलिकल_मोजणी
सदर_बाजार यांच्याशी पूर्ण सहमत. आता विचारायचं काय ते सांगते.

सेंटरला वर्षाला किती सायकल (आयव्हीएफच्या फेऱ्या) होतात हा प्रश्नच चुकीचा आहे. पाचशे सायकल होत असतील आणि सुई मोठे डॉक्टरच धरत असतील तर तुमच्या हाती प्रोबचं कव्हर चढवायचं काम येणार. विचारा: मागच्या फेलोने स्वतःच्या हाताने किती पिकअप केले, किती ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) केले, आणि पहिला पिकअप कितव्या महिन्यात मिळाला? आणि हे सध्याच्या फेलोला विचारा, रिसेप्शनला किंवा संचालकांना नाही.

पिकअप दिसायला सोपा आहे, म्हणूनच घाई नको. आधी दोन-तीन महिने रोज सकाळी फॉलिक्युलर स्टडी (सोनोग्राफीने फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, पाहणं) स्वतः करा. २ ते १० मिलिमीटरचे अँट्रल (लहान, अजून न वाढलेले) फॉलिकल दोन्ही बाजूंचे मोजून लिहायचे, मग सीनियरच्या आकड्याशी ताडायचे. हा आकडा जुळू लागेपर्यंत सुई मागू नका. इलियॅक व्हेन (ओटीपोटातली मोठी नस) आडव्या छेदात अगदी फॉलिकलसारखी गोल आणि काळी दिसते. शंका आली की प्रोब ९० अंश फिरवा. नस लांबट होते, फॉलिकल गोलच राहतं. नवशिक्याकडून होणारी सगळ्यात धोक्याची चूक हीच. सक्शन १०० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवतात. जास्त ओढलं तर बीजाभोवतीच्या पेशी सोलून निघतात आणि झोनाला (बीजाच्या कवचाला) तडा जातो.

ट्रिगर (बीजं पक्व करणारं एचसीजी किंवा तत्सम इंजेक्शन) ते पिकअप साधारण ३६ तास. बुधवारी सकाळी ९ ला पिकअप असेल तर इंजेक्शन सोमवारी रात्री ९ ला. नर्सने ‘रात्री घ्या’ एवढंच सांगितलं आणि पेशंटने ११ ला घेतलं, असं होतं. म्हणून वार, तारीख, वेळ कागदावर लिहून द्यायची आणि घेतल्यावर फोन करायला सांगायचं. पहिली चार-पाच फॉलिकल रिकामी निघाली तर दुसरी ओव्हरी उपसत जाऊ नका. थांबा, इंजेक्शनची वेळ आणि डोस विचारा. एचसीजी दिलं असेल तर रक्तात बीटा-एचसीजी पाहा. अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर (शरीरातलंच एलएच हार्मोन सोडायला लावणारं) असेल तर ती तपासणी निरुपयोगी, तिथे एलएच आणि प्रोजेस्टेरॉन. औषध पोचलंच नसेल तर पुन्हा ट्रिगर देऊन उरलेली ओव्हरी वाचवता येते.

ट्रान्सफर मात्र लवकर मिळत नाही, मिळूही नये. आधी मॉक (गर्भाशिवाय, सरावाचे) ट्रान्सफर भरपूर करा. पोटावरून सोनोग्राफी, मूत्राशय भरलेलं, कॅथेटरचं टोक फंडसपासून (गर्भाशयाच्या वरच्या टोकापासून) साधारण दीड सेंटिमीटर अलीकडे. फंडसला टोचलं की गर्भाशय आकुंचन पावतं. आणि कॅथेटर मायक्रोस्कोपखाली तपासून ‘रिकामं’ असा लॅबमधून आवाज येईपर्यंत पेशंटला हलवायचं नाही.

लॅबवाली
लॅबबद्दल: स्वतः आयसीएसआय (एक शुक्राणू सुईने बीजात सोडणं) करायला शिकायची गरज नाही, पण महिनाभर सलग बसा, तेही सकाळच्या वेळी. फर्टिलायझेशन १६ ते १८ तासांनी पाहतात. ती वेळ चुकली तर दोन प्रोन्यूक्लिअस (बीज आणि शुक्राणूची केंद्रकं, म्हणजे फलनाची खूण) दिसायचे राहून जातात. इन्क्युबेटरचा सीओटू वेगळ्या मीटरने कोण आणि कधी तपासतं, पॉवर गेल्यावर बॅकअप किती वेळ टिकतो, गोठवलेल्या गर्भांच्या टाकीतल्या नायट्रोजनची पातळी कोण नोंदवतं, हे विचारा. ज्या सेंटरला ही वही दाखवता येत नाही तिथे शिकू नका.

आपल्या नागपूरसाठी एक खास. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, आणि घरून आणलेला वीर्याचा नमुना स्कूटीच्या डिकीतून येतो. मग गतिशीलता पडलेली दिसते आणि बिचाऱ्याच्या फाइलवर चुकीचं निदान चढतं. नमुना शक्यतो सेंटरवरच घ्यावा. घरून आणायचाच तर २० ते ३७ अंशांत, खिशात शरीराजवळ ठेवून, तासाभरात. रिपोर्ट खराब आला तर आधी ‘कसा आणला?’ हे विचारा, मग औषध लिहा.

मेडिकल_चौक
खूप खूप आभार. एका सेंटरने वर्षात ४० पिकअप देतो म्हटलंय. लॉगबुकवर सही मात्र फेलोशिप संपल्यावर एकदमच करतात म्हणे. चालेल का?

फॉलिकल_मोजणी
नाही जी, हे मान्य करू नका. वर्षअखेरीस सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी झालेल्या दिसतात आणि तपासणीत त्यावरच बोट ठेवलं जातं. शिवाय अधेमधे सोडावं लागलं तर हातात काहीच राहत नाही. दर शनिवारी सही, असं ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. नोंदीत तारीख, फाइल नंबर (पेशंटचं नाव नको), किती फॉलिकल, किती बीजं, सुई कुणी धरली, काही गुंतागुंत झाली का, आणि त्या दिवशी देखरेखीला कोण होतं. अर्धा तुम्ही आणि अर्धा सरांनी केलेला पिकअप तुमच्या खात्यात लिहू नका. ४० वर थांबलात तर उरलेले १० कुठे होणार, हेही आजच विचारून ठेवा.